बेळगावात राहून पॅराग्लायडिंग शिकायचंय? मग आधी माळावर उभं राहायला शिका

बेळगावच्या माणसाला पॅराग्लायडिंगचं खूळ लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, राजहंसगडावरून उडता येतंय काय? नाहीतर वैजनाथचा डोंगर, नाहीतर चोर्ल्याचा कडा. डोंगर आहेत, वाऱ्याला तर इथं तोटाच नाही, मग पार पुण्याजवळच्या कामशेतला कशाला जायचं, युट्यूब बघून सेकंडहँड पॅराशूट आणू आणि उडू. असं म्हणणारे दोघंतिघं मला दर सीझनला भेटतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

थोडक्यात सांगायचं तर उडायला कामशेत आणि हात बसवायला बेळगावचा माळ, अशी या छंदाची आपल्याकडं सरळ वाटणी आहे. दोन्ही लागतं. नुसतं कामशेतला जाऊन चार दिवस कोर्स केला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, बघितलीच नाही तर शिकलेलं सगळं वाहून जातं. आणि नुसतं इथं गावच्या डोंगरावर स्वतःच शिकायला गेलात तर पाय मोडणं हा त्यातल्या त्यात स्वस्तातला प्रकार.

पॅरा की हँग

हे आधी मिटवून टाकू. हँग ग्लायडर म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, त्यावर ताणलेलं कापड, आणि माणूस खाली पालथा लटकलेला. वेगाला आणि लांब तरंगायला तो पॅराग्लायडरपेक्षा कितीतरी सरस, पण वजन २५ ते ३५ किलो आणि घडी केली तरी पाच-सहा मीटर लांबीचं बोचकं, ते जीपच्या टपावरच जाणार. शिवाय आपल्या भागात शिकवणारं कोण शोधायचं हा प्रश्न आहेच. पॅराग्लायडरला चौकट नाही, नुसतं कापड आणि बारीक दोऱ्या, म्हणजे लाइन्स, पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि त्या हवेच्या दाबानंच पंखाचा आकार तयार होतो. सगळं सामान एका मोठ्या पाठपिशवीत बसतं, बसमधून नेता येतं. हा खेळ जन्मला तोही असाच, १९७८ साली फ्रान्समधल्या मिएसी गावात पॅराशूटवाल्या काही लोकांना विमानाचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी डोंगरउतारावरून पळत जाऊन पॅराशूट उघडून बघितलं. तर नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी करणाऱ्या माणसानं पॅराग्लायडिंगच धरावं असं माझं मत, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

एक टँडम करा, पण डोळे उघडे ठेवून

टँडम म्हणजे पायलट मागं आणि तुम्ही पुढं. शिकायचा निर्णय घ्यायच्या आधी एकदा करून बघा, काही लोकांना वर गेल्यावर इतकं मळमळतं की प्रश्न तिथंच सुटतो. बेळगावकरांना सोयीचं म्हणून बरेचजण गोव्याला हरमल-केरीकडं जातात. २०२५ च्या जानेवारीत त्याच केरीच्या पठारावर टँडममध्ये पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही गेले. घाबरवायला सांगत नाही, पण पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी विचारायची लाज वाटू देऊ नका: तुमचं लायसन कुठलं, रजिस्ट्रेशन आहे काय, रिझर्व्ह पॅराशूट आहे काय आणि तो शेवटचा कधी उघडून पुन्हा पॅक केला, हेल्मेट दोघांनाही आहे काय. उत्तर द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडं पाठ फिरवा. आणि "काही होत नाही हो, रोज शंभर लोक उडतात" हे उत्तर नव्हे.

कामशेतला जायचं कसं आणि कधी

कामशेत पुणे-लोणावळ्याच्या मधे आहे, आजूबाजूला पवना धरण आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले बुटके डोंगर, आणि तीच तिथली खरी श्रीमंती, कारण वारा पूर्वेचा असो की पश्चिमेचा, कुठला ना कुठला उतार चालतो. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. नवशिक्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावं, हवा शांत असते. बेळगावहून पुण्याला रात्रीच्या बस ढिगानं आहेत, २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगाववरून जाते, पण ती रोज नाही, वार बघून तिकीट काढा. पुढं पुणे-लोणावळा लोकल थेट कामशेत स्टेशनला थांबते. पाचगणी जवळ पडतं, तिथंही उडतात, पण पहिल्या शिक्षणासाठी मी कामशेतच सांगेन, तिथं नवशिक्यांसाठीचे छोटे उतार आहेत आणि बरोबर शिकणारे पण भेटतात.

शाळा निवडताना वेबसाइटवरचे फोटो बघू नका, हे बघा: एका इन्स्ट्रक्टरमागं किती विद्यार्थी, टेकऑफ आणि लँडिंग दोन्हीकडं रेडिओ घेऊन माणूस असतो काय, विद्यार्थ्यांच्या विंग किती जुन्या, आणि वारा खराब असेल तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला "नाही उडवत, थिअरी घेतो किंवा खाली ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर विंग सांभाळायचा सराव, घेतो" असं उत्तर आलं की समजा जागा बरी आहे. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते, ती आहे काय तेही विचारा.

रजा घेताना कोर्सच्या दिवसांना जोडून दोन दिवस जास्तीचे घ्या. वारा काय आपल्या सुट्टीचा अर्ज बघून वाहत नाही. कोर्स चार दिवसांचा आणि त्यातले दोन दिवस नुसतं बसून काढलेत असं सर्रास होतं, आणि मग परतीच्या बसची घाई असलेला माणूसच नको त्या वाऱ्यात "एक तरी उड्डाण द्या की सर" म्हणून मागं लागतो.

कोर्समधे काय काय होतं

पहिला दिवस जमिनीवर. विंग पसरायची, लाइन्स सोडवायच्या, हार्नेस, म्हणजे पट्ट्यांची बैठक, अंगावर घालायचा, सपाटीवर पळायचं. मग छोट्या उतारावरून पाय जमिनीपासून सुटतील न सुटतील एवढं. मग थोडं वरून, रेडिओवर इन्स्ट्रक्टर सांगेल तसं डावीकडं-उजवीकडं. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या पॅराप्रो पद्धतीत एकूण पाच टप्पे आहेत, जमिनीलगत घसरणं, मग उंचीवरून तरंगत उतरणं, तिथून पुढं शेवटी क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण. आपल्याकडं शाळांमधे पी-वन, पी-टू, पी-थ्री असं बोलतात. पहिल्या कोर्समधे तुम्ही पहिल्या दोन टप्प्यांच्या आसपास येता, एवढंच. त्यावर तुम्ही पायलट होत नाही, तुम्ही देखरेखीखाली उडू शकणारा विद्यार्थी होता, हा फरक घरच्यांना आणि स्वतःलाही नीट सांगून ठेवा.

शरीर फार पैलवानाचं लागत नाही. पंधरा-एक किलो पाठीवर घेऊन डोंगर चढता आला पाहिजे आणि उतारावर न अडखळता वीस-पंचवीस पावलं जोरात पळता आलं पाहिजे. घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. फिट येत असतील, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नावच काढू नका.

टेकऑफमधे बहुतेकांचं एकच चुकतं, पळता पळता मधेच उडी मारून हार्नेसमधे बसायला बघतात. विंगनं तुम्हाला उचललं पाहिजे, तुम्ही विंगवर बसायचं नाही. पाय सुटल्यावरही दोन पावलं हवेत पळत राहायचं. आणि लँडिंगला उलट, जमिनीपासून बऱ्यापैकी वर असतानाच हार्नेसमधून पाय खाली सोडून उभं व्हायचं, हात वर ठेवून वेग राखायचा, आणि जमीन साधारण मीटरभर राहिली की दोन्ही ब्रेक, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला जोडलेल्या हातातल्या दोऱ्या, पूर्ण खाली. घाबरून तीन-चार मीटरवरच ब्रेक खेचले तर विंग उडायचीच थांबते आणि तेवढ्यावरून धपकन खाली, पाठीच्या मणक्यावर.

टेकऑफच्या आधीची तपासणी रोज त्याच क्रमानं करायची. पायाचे पट्टे सगळ्यात आधी. छातीचा पट्टा लावला की माणसाला वाटतं झालं, आणि पायाचे राहिले तर उडाल्यावर हार्नेसमधून खाली घसरायला होतं, असले अपघात जगभर झालेत. मग हेल्मेट, रिझर्व्हची पिन, कॅराबिनर म्हणजे जोडकड्या आणि रायझर म्हणजे हार्नेसला लाइन्स जोडणारे पट्टे पिळलेले नाहीत ना, लाइन्समधे काटकी-गाठ नाही ना, विंगची तोंडं उघडी आहेत ना, वारा, आणि आपल्या पुढं-वर कोण उडत नाही ना. मधेच कोणी बोलायला आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता घरचा अभ्यास: माळ

इथं मी जरा जास्तच वेळ घेणार, कारण बेळगावच्या माणसाला हेच हातात आहे आणि लोक हेच करत नाहीत.

ग्राउंड हँडलिंग म्हणजे सपाट जागेत उभं राहून विंग डोक्यावर उभी करायची आणि तिथंच ठेवायची. ऐकायला काहीच नाही. करायला गेलात की पहिल्या दहा मिनिटांत घामाघूम. यात हात बसला की टेकऑफची भीती अर्धी जाते आणि हवेत विंग काय करतेय ते न बघता हाताला कळायला लागतं.

जागा अशी बघा: फुटबॉलच्या ग्राउंडएवढी तरी सपाटी, वाऱ्याच्या बाजूला झाडं-घरं नाहीत, हेस्कॉमच्या विजेच्या तारा लांब, काटेरी कुंपण नाही. येळ्ळूर, खानापूरकडची भाताची शिवारं सुगी झाली की मोकळी दिसतात, पण ती मोकळी असतातच असं नाही, भातामागं ओलीवर मसूर-वाटाणा पेरलेला असतो आणि लांबून तो दिसत नाही. मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. विचारलं की बहुतेक वेळा "होय की, करा की" म्हणतात, वर चहाही मिळतो. हिरेबागेवाडीच्या बाजूला गेलात तर कन्नडात विचारा, काम लवकर होतं. गायरान असेल तर उत्तमच. जांभ्या दगडाची खडबडीत जागा मात्र टाळा, कापड त्यावर घासलं की गेलं. आणि दिवाळीनंतर वाळलेल्या गवताची कुसळं हा वेगळाच ताप, ती कापडात शिरतात, सेलच्या, म्हणजे पंखातल्या कप्प्यांच्या, आत जाऊन बसतात, घरी येऊन तासभर एकेक वेचायचं काम.

वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. वारा ताशी ८ ते १५ किलोमीटर आणि एकसारखा. २० च्या पुढं नवशिक्यानं विंग पिशवीतून काढू नये. कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, १० चा २० झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट. छोटा वारामापक मिळतो तो घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि मार्च ते मे भर दुपारी माळावर विंग अजिबात उघडू नका. आपल्याकडं तापलेल्या शिवारातून वावटळी उठतात, पाचोळा गरगरत वर जाताना सगळ्यांनी बघितलाय, ती तुमच्या उघड्या विंगवरून गेली तर तुम्हाला उचलून कुठं टाकेल त्याचा नेम नाही. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या पायलटांना असं उचललेलं आहे.

करायचं कसं तर वारा जिकडं वाहत जातो त्या बाजूला विंग पाठीवर पसरायची, मागची कड तुमच्याकडं, तोंडांची कड लांब, कमान करून, म्हणजे मधला भाग आधी भरतो. तुम्ही विंगकडं तोंड, वाऱ्याकडं पाठ. रायझर फुलीत येतात, तेव्हा नंतर कुठल्या बाजूनं वळायचं ते आधीच ठरवा आणि कायम तीच बाजू ठेवा. ए-रायझर, म्हणजे सगळ्यात पुढचे पट्टे, हलके ओढले की तोंडात हवा शिरते आणि कापडाची भिंत उभी राहते. पहिला आठवडाभर फक्त भिंतच उभी करा आणि पाडा, उभी करा आणि पाडा. मग पूर्ण डोक्यावर आणा, डोक्यावर येताना ब्रेकनं जरा अडवायची नाहीतर ती पुढं निघून जाऊन कोसळते.

डोक्यावर आली की खरा खेळ. विंग डावीकडं कलली तर नवीन माणूस तिथंच उभा राहून ब्रेकशी मारामारी करतो. तुम्ही पायानं डावीकडं जा, तिच्या खाली जा, आणि वर राहिलेल्या उजव्या बाजूला थोडा ब्रेक द्या. पाय आधी, हात नंतर. हे जमलं की डोळे बांधून बघा, गंमत नाही, खरंच, हार्नेसमधे कुठल्या कुल्ल्यावर ओढ वाढली त्यावरून विंग कुठं आहे ते कळायला लागतं, आणि वर गेल्यावर तेच उपयोगी पडतं.

तुम्ही ओढले जायला लागलात तर ब्रेक धरून मागं रेलू नका. मागचे रायझर खसकन ओढा आणि विंगच्याच दिशेनं पळत जा, ती पडते. हेल्मेट माळावरसुद्धा घालायचं.

आणि पोरं. विंग उघडली की पंधरा मिनिटांत निम्मं गाव. "काय करुलाय काका हे, उडतंय काय?" उत्तर द्या, दाखवा, पण एकच नियम कडक: लाइनला हात नाही. ताण आलेली लाइन बोटाभोवती गुंडाळली गेली तर बोट कापू शकते. एखाद्या मोठ्या पोराला पोरांना मागं ठेवायचं काम द्या, तो इमानेइतबारे करतो. उतारावर मात्र हा अभ्यास करायचा नाही, अगदी चार फुटांचा उतार असला तरी, तिथं चुकून उडायला होतं.

वारा समजून घ्यायचाय? आंबोलीला जावा

आपण पावसाळ्यात आंबोलीला जातोच. कावळेसादला कठड्याशी उभं राहिलं की दरीत पडणारं धबधब्याचं पाणी उलटं वर उडून तोंडावर येतं. समुद्राकडनं आलेला वारा कड्याला आपटतो, त्याला जायला जागा वरच असते, तो वर चढतो आणि पाणी घेऊन येतो. पॅराग्लायडर डोंगरापुढं तासन्‌तास तरंगतो तो याच वर चढणाऱ्या हवेवर. साध्या विंगची खाली यायची गती सेकंदाला साधारण एक मीटरच्या आसपास, वारा त्यापेक्षा जास्त वेगानं वर चढत असेल तर तुम्ही खाली येत नाही.

आता तिथंच कठड्यापासून मागं पन्नास-साठ पावलं चाला. वारा विचित्र होतो, कधी मागून, कधी वरून, कधी बंदच. कड्यावरून उडी मारून आलेली हवा पाठीमागं गरगरते, त्याला रोटर म्हणतात, आणि त्यात विंग मिटते. म्हणून डोंगराच्या मागच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उडायचं नाही, टेकऑफ करताना वारा बरोबर समोरून पाहिजे. टेकऑफला वारा समोरून लागतोय पण वरचा खरा वारा मागून आहे असंही होतं, तेव्हा ढगांची चाल आणि लांबचा धूर बघायची सवय लावा.

यावरूनच गावच्या डोंगरांचं उत्तर मिळतं. राजहंसगडाला तट आहेत, बुरूज आहेत, त्यांच्यामागं रोटर. चोर्ला आणि आंबोलीच्या कड्यांखाली नुसतं जंगल, उतरायला जागाच नाही, आणि तिकडं बराच भाग राखीव. सौंदत्तीच्या बाजूला पवनचक्क्या दिसतात म्हणून "तिथं वारा भारी" म्हणणारे आहेत, पण पवनचक्की उभी करतात तीच जोरदार वारा जास्तीत जास्त मिळावा म्हणून, आणि पात्यांच्या मागची हवा ढवळलेली असते. पुढं कधी अनुभवी पायलटांनी दोन-चार सीझन वारा मोजून, शेतकऱ्यांशी बोलून इथं एखादा उतार पक्का केला तर मला आनंदच आहे. ते काम पी-वन झालेल्या पोराचं नाही.

वर्षाचा वारा थोडक्यात असा: हिवाळ्यात कोरडा, पूर्वेकडचा, सकाळी मऊ. मार्चनंतर दुपार उकळते आणि संध्याकाळी गोव्याकडनं घाट चढून आलेला गार वारा बेळगावात घुसतो, तो अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. एप्रिल-मेत वळीव. वळवाचा ढग वीस किलोमीटर लांब दिसला तरी विंग आवरायची, कारण त्याच्या पुढं थंड हवेचा लोंढा पळत येतो आणि तो ढगाच्या बराच आधी पोचतो. आणि ढगाखाली गेलात तर खालून वर ओढणारी हवा. फेब्रुवारी २००७ मधे ऑस्ट्रेलियात मनिला इथं एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला अशाच ढगानं जवळजवळ ९,९०० मीटरपर्यंत खेचून नेलं, एव्हरेस्टच्याही वर, बेशुद्ध, अंगावर बर्फ, नशिबानं वाचली. त्याच दिवशी एक चिनी पायलट वाचला नाही. मोबाइलवर विंडी हे हवामानाचं अॅप बघा, पण जमिनीवरचा वारा बघून थांबू नका, वरच्या उंचीचाही बघा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अॅप विजांसाठी ठेवा, ते शेतकऱ्यांनाही सांगा.

आकाश मोकळं आहे असं समजू नका

सांबऱ्याला विमानतळ, तिथंच हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल, शहरात कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. या सगळ्याच्या आसपास रंगीत कापड घेऊन हवेत जाणं म्हणजे उतरल्यावर विचारपूस ठरलेली. केंद्राचं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण २०२२ साली आलं, त्यात पॅराग्लायडिंग, हँग ग्लायडिंग दोन्ही आहेत, आणि मोटार लावलेल्या पॅरामोटरचे नियम आणखी वेगळे, ते साध्या पॅराग्लायडरला लागू धरू नका आणि उलटही करू नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन चालू असताना तर हलगा-बस्तवाडच्या बाजूला माळावरसुद्धा विंग उघडू नये, त्या दिवसांत इथं चार माणसं एकत्र उभी राहिली तरी पोलीस विचारतात हे बेळगावकराला मी काय सांगायचं. बाकी दिवशी ग्राउंड हँडलिंगला जाताना गावच्या पंचायतीत सांगून ठेवलं की फोनाफोनी होत नाही.

सामान: घाई करू नका

कोर्समधे सामान शाळेचं असतं. पी-टू होईपर्यंत काही विकत घेऊ नका, हेल्मेट आणि बूट सोडून. नवं सामान घ्यायचं म्हटलं तर विंग, हार्नेस, रिझर्व्ह मिळून आकडा लाखांत जातो, म्हणून पहिली विंग बहुतेकजण वापरलेलीच घेतात, त्यात काही वाईट नाही, पण आपल्या इन्स्ट्रक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

विंगवर युरोपियन प्रमाणपत्राचा दर्जा असतो, ईएन ए, बी, सी, डी. ए म्हणजे मिटली तरी आपसूक लवकर सावरणारी. पहिली विंग ए, फार तर सोपी बी. "स्वस्तात सी मिळतेय, पुढं उपयोगी पडेल" हा सौदा घेऊ नका. दुसरं वजन. प्रत्येक विंगला वजनाची रेंज असते आणि ते वजन नुसतं तुमचं नाही, तुम्ही, कपडे, हार्नेस, रिझर्व्ह आणि विंग स्वतः, सगळं मिळून. ६८ किलोच्या माणसाचं सामान १६ किलो धरलं तर ८४, मग ७५ ते ९५ ची विंग बसते. मित्राची मोठी विंग फुकट मिळतेय म्हणून वापरली तर हलक्या माणसाला ती जोराच्या वाऱ्यात पुढं जाऊ देत नाही.

जुनी विंग बघताना तास किती उडलीय ते विचारा, पण त्याहून ऊन किती खाल्लंय ते महत्त्वाचं, कापडाला ऊनच मारतं. कापडातून हवा किती झिरपते ते मोजायचं यंत्र असतं, त्याचा रिपोर्ट मागा, लाइन्सची लांबी आणि ताकद तपासल्याचा कागद मागा. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा शंभर तासांनी तपासणी सांगतात. हार्नेसला पाठीखाली फोम किंवा एअरबॅग पाहिजेच. रिझर्व्ह दर सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं, उघडून पुन्हा पॅक.

घरी आल्यावर विंग ओली असेल तर सावलीत वाळवा, बुरशी धरते, आपल्या पावसाळ्यात तर कपाटात नुसती ठेवली तरी दमट होते, मधून मधून उघडून वारं द्या. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. रात्रीच्या बसला डिकीत टाकताना शेजारी डिझेलचा कॅन किंवा बॅटरी नाही ना ते स्वतः वाकून बघा, क्लीनर "काय होत नाही" म्हणणारच.

विमा आणि पुढचा प्रवास

आरोग्य विम्याच्या कागदात साहसी खेळांबद्दल जे वगळलेलं असतं त्यात "व्यावसायिक म्हणून" असे शब्द असतात काय ते बघा, छंदासाठी करणाऱ्याला त्यानं फरक पडतो. अपघात विम्यात मात्र बऱ्याच वेळा असले खेळ सरसकट बाहेर असतात. एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, मेलवर लेखी घ्या.

पी-थ्रीपर्यंत आलात, डोंगरापुढं तरंगायला लागलात, की तिथले रहदारीचे नियम हाडात मुरले पाहिजेत. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क, दुसऱ्यानं बाहेर सरकायचं. वळण कायम डोंगरापासून बाहेर. बीर-बिलिंगला सगळ्यांनाच जायचं असतं, २०१५ साली पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची एक फेरी तिथंच झाली, टेकऑफ साधारण २,४०० मीटरवर आणि लँडिंग त्याच्या हजार-एक मीटर खाली. पण हिमालयातली दुपारची थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, आपल्या कामशेतच्या संध्याकाळसारखी नसते, जायचं तर गाइड घेऊन, आणि त्याआधी घरच्या माळावर एक अख्खा सीझन घालवून.

हार्नेसच्या खिशात एवढं तरी असू द्या: शिटी, फुल चार्ज फोन, घरचा नंबर लिहिलेला कागद, लाइन कापायचा हुक चाकू, आणि दातात घालायच्या फ्लॉसची डबी. हसू नका. झाडात अडकलात की आधी स्वतःला फांदीला नीट बांधून घ्यायचं, मग फ्लॉसला किल्ली किंवा छोटा दगड बांधून खाली सोडायचा, खालचा माणूस त्याला दोर बांधतो आणि तुम्ही तो वर ओढून घेता.